घडी मोडतानाचा व्हिडिओ

दारावरची बेल नेहमीपेक्षा जरा लांबली तरी मी आधी दाराच्या फटीतून बघते. बाहेरून मी फटकळ आहे, रिक्षावाल्याशी भांडते, पार्सलवाल्याला झापते, पण आतून पक्की भित्री आहे. हे माझ्या नवऱ्याला लग्न झाल्यावर आठवड्याभरातच कळलं आणि तेव्हापासून तो मला चिडवायची एकही संधी सोडत नाही. तो सुरतजवळच्या सचिन गावातल्या एका डाइंग मिलमध्ये आहे. तिथे वाफ, रंग आणि उकळतं पाणी यांच्यात दिवस काढून तो घरी शिट्टी वाजवत येतो. मी मात्र मोबाइलवर अनोळखी नंबर दिसला की आधी देवाचं नाव घेते.

सुरतेत पांडेसऱ्यातल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात माझं काम चालतं. साडीच्या पदरावर खडे चिकटवायचे आणि काठाला लेस लावायची. साडी शेठची, खडे शेठचे, लेस शेठची. आमचे फक्त हात. माझ्याकडे येणाऱ्या बायका सगळ्या आमच्याच खान्देशातल्या, कुणी धुळ्याची, कुणी अमळनेरची, कुणी शिरपूरकडची. नवरे लूमवर नाहीतर मिलमध्ये, मुलं शाळेत गुजराती बोलतात आणि घरात अहिराणीला उत्तर हिंदीत देतात. आमच्या गाळ्यात मात्र दिवसभर अहिराणीच. खालच्या मजल्यावरचा कच्छी दुकानदार म्हणतो, तुमच्या वर रोज लग्नघर असतं का?

माल जवळजवळ सगळा एकाच शेठचा. रिंग रोडवरच्या मार्केटात त्यांची पेढी आहे. माणूस गोड बोलतो, आवाज कधी चढवत नाही, आणि म्हणूनच मला त्यांची जास्त भीती वाटते. ओरडणाऱ्या माणसाचं निदान कळतं तरी. या शेठनी हात काढून घेतला तर आमचा गाळा महिनाभरही तग धरणार नाही, हे मला ठाऊक होतं आणि माझ्या बायकांनाही. कुणी बोलून दाखवत नव्हतं एवढंच. त्यातूनच माझ्या डोक्यात आलं की आपली स्वतःची थोडी गिऱ्हाइकं असावीत. साध्या साड्या घ्यायच्या, फुरसतीत त्यांच्यावर काम करायचं आणि गावाकडच्या बायकांना थेट विकायच्या. आणि आजकाल विकायचं म्हणजे रील करायची.

रील कशा कराव्यात हे शिकवणाऱ्या लोकांचे व्हिडिओ मी पाहिले आणि माझं डोकं फिरलं. म्हणे, व्यवसाय करणाऱ्याने रोज शांत मनाने एक तास काढावा. यांच्या मागे कुंडीतलं झाड आणि मंद दिवा, समोर कॉफी. माझ्या मागे कुकर, समोर लेसचा गुंता आणि खालून ओरडणारा टेम्पोवाला. शांत मनाचा तास मला लग्नाआधीही कधी मिळाला नव्हता. एकच गोष्ट त्यातल्या एकाने कामाची सांगितली. रोज थोडं थोडं करू नका, सगळं एकदम शूट करा आणि नंतर थोडं थोडं सोडा. हे मला लगेच पटलं. उन्हाळ्यात वर्षभराचे पापड एकाच दिवशी लाटणाऱ्या घरातली मी, मला हे वेगळं शिकवायला नको होतं.

मग मी माझी पद्धत बसवली. टेबलाच्या वर छताला एक लोखंडी पाइप आहे. त्याला हँगर वाकवून बांधला आणि त्यात फोन अडकवला, तोंड थोडं तिरकं, म्हणजे टेबल आणि टेबलाशी उभं राहणारं माणूस दोन्ही दिसतील. सकाळी काम सुरू झालं की फोन सुरू. वेगळा वेळ काढायचाच नाही. हात चालतात, खडे लागतात, बायका बोलतात, ते सगळं आपोआप भरत जातं. दुपारी डबे उघडले की मी एका हाताने भाकरी खात दुसऱ्या हाताने तुकडे पाडायची. बोलायचं असेल तेव्हा एकाच बैठकीत सगळं बोलून घ्यायचं. मधे मधे टिकली बदलायची, कानातलं बदलायचं, ओढणी बदलायची, की एकाच दुपारी माझा सोमवारही होई आणि शनिवारही. नवरा म्हणायचा, तुझा आठवडा बाकीच्यांपेक्षा लवकर संपतो. तुकडे झाले की त्यांना वार आणि वेळ लावून ठेवायची. मग मी विसरून जायची आणि ते आपापल्या वेळी बाहेर पडत राहायचे.

गिऱ्हाइकं येऊ लागली होती. फार नाही, पण चोपड्याहून एका बाईने बहिणीच्या साखरपुड्यासाठी माझ्याकडून साड्या मागवल्या तेव्हा मी गाळ्यात सगळ्यांना जिलेबी वाटली.

शेठचा एकच कडक नियम होता. नवीन डिझाइनचा पहिला नग बाजारात जाईपर्यंत कुणाच्या नजरेला पडता कामा नये. सुरतेत हे सगळ्यांनाच माहीत आहे. आज एकाने काठ काढला की उद्या दुसऱ्याच्या मशीनवर तो उतरतो, आणि परवा तोच माल स्वस्तात खपतो. म्हणून नवीन नमुना आमच्याकडे वर्तमानपत्रात गुंडाळून यायचा, वर सुतळी, आणि आणणारा माणूस दर वेळी बजावायचा, ‘फोटो नहीं, बेन.’ मीही काळजी घ्यायची. नमुन्याचं काम चालू असलं की फोन बंद, आणि फोन चालू असला की नमुन्यावर जुनी चादर.

पण आमच्या गाळ्यात एक रीत होती, ती शेठना माहीत नव्हती. आपल्याकडे नवी साडी घेतली की ती आपण आधी नेसत नाही. जावेला, नणंदेला, शेजारणीला, आपल्या जिवाच्या कुणाला तरी देतो आणि म्हणतो, घडी तू मोड. आमच्या हातून हजारो साड्या जायच्या, पण त्यातली एकही आमची नसायची. म्हणून फार पूर्वी, काम नवीन असताना, आम्ही ठरवलं की प्रत्येक नव्या डिझाइनचा पहिला नग तयार झाला की इस्त्रीला जाण्याआधी आमच्यातल्या एकीने त्याचा पदर खांद्यावर घ्यायचा. पूर्ण नेसायची नाही, नुसता पदर. बाकीच्यांनी बघायचं, थट्टा करायची, हळदीकुंकवाचं बोट लावायचं, पण ते बाईला, साडीला नाही. मग साडी पुन्हा घडीत. पाळी लावलेली होती. प्रत्येकीचा नंबर यायचा.

नंबर टाळणारी एकच होती. आमची मावशी. नात्याने ती कुणाचीच मावशी नव्हती, पण वयाने सगळ्यांत मोठी. नवरा लूमवर होता, जाऊन काही वर्षं झाली. तेव्हापासून ती फिक्या रंगाच्या साड्यांत असायची. पदरावर खडे लावण्यात तिच्यासारखा हात कुणाचा नाही, लाल, राणी, मोरपंखी सगळे रंग दिवसभर तिच्या मांडीवर. पण घडी मोडायची वेळ आली की ती हंडा उचलायची. ‘तुम्ही नेसा व माय, मी पानी भरीसन येस.’ आम्हीही जोर करायचो नाही.

त्या दिवशी शेठच्या नव्या डिझाइनचा पहिला नग तयार झाला. गर्द जांभळी साडी, पदरावर द्राक्षाच्या वेलीसारखी खड्यांची नक्षी आणि काठाला तांब्याच्या रंगाची लेस. आम्ही इतकी वर्षं हे काम करतोय, तरी त्या साडीने आमची तोंडं बंद केली. शिरपूरकडची आमची जी सगळ्यांत तोंडाळ, तिनेच हंड्याकडे निघालेल्या मावशीचा हात धरला. म्हणाली, आज पाणी मी भरते. आज तुन्हा नंबर. मावशी नाही नाही म्हणत राहिली, ‘माले नको, माले नको’, आणि तोवर दोघींनी तिला धरून उभं केलं आणि पदर तिच्या खांद्यावर टाकला.

ती आधी अवघडून उभी राहिली. मग तिने खाली पाहिलं, पदरावरून हात फिरवला, आणि हसली. तिला तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. तोंडात दात कमी, म्हणून ती नेहमी ओठ मिटून हसते. त्या दिवशी ती सगळं तोंड उघडून हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि तिने पटकन तोच पदर डोळ्यांना लावला. कुणीतरी ओरडलं, अगं खडे टोचतील. सगळ्या रडल्या, मग सगळ्या हसल्या. मीही. आणि माझ्या डोक्यावर, पाइपला टांगलेला फोन चालू होता.

सकाळी मी माझ्या साध्या साड्यांसाठी तो सुरू केला होता आणि पार विसरले होते.

दुपारी भाकरी खाताना तो तुकडा माझ्यासमोर आला. मला तो दिसला नाही असं मी म्हणणार नाही. दिसला. मी मावशीचा चेहरा पाहिला आणि मला वाटलं, हा सगळ्यांना दाखवायला हवा. मावशीला विचारलंसुद्धा. हाताला भाजीचा रस होता, म्हणून तिने लांबूनच स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘बठ्ठा देखतीन का?’ मी म्हटलं, आपल्याच बायका बघतील गं, किती जणी असतात. ती लाजली आणि म्हणाली, तुला वाटेल तसं कर. दिवसभर साड्याच बघणारी मी, पण त्या तुकड्यात मला साडी दिसलीच नाही. चेहराच दिसला. बाकीच्या तुकड्यांबरोबर त्यालाही एक वार लावून टाकला आणि हात धुवायला गेले.

तो बाहेर पडला त्या दिवशी मी कडोदऱ्याला होते. तिथल्या एका युनिटकडून लेसचे रोल घ्यायचे होते. काउंटरवर उभी असताना पर्समध्ये फोन थरथरत होता, थांबतच नव्हता. मला वाटलं घरी काहीतरी झालं. उघडून पाहिलं तर मावशी हसत होती आणि खाली आकडा पळत होता. माझ्या एखाद्या रीलला महिन्यात मिळायचं त्याच्या कितीतरी पट काही तासांत. मी तिथेच, लेसच्या दुकानात, हसायला लागले. दुकानदार म्हणाला, लॉटरी लागली का? मी फोन त्याच्यापुढे धरला. त्याने पाहिलं आणि तो लेसचा माणूस, त्याने चेहरा पाहिलाच नाही. तो म्हणाला, ‘काठ मस्त छे. कोनी डिझाइन?’

कुणाची डिझाइन. तेवढ्या दोन शब्दांनी मला शेठ आठवले.

मी रोल न घेताच बाहेर आले. हायवेवर ट्रक धडधडत होते आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून ती रील पुन्हा पुन्हा पाहत होते. आता मला मावशी दिसतच नव्हती. नुसता पदर दिसत होता. वेलीचं प्रत्येक पान, लेसचा प्रत्येक कंगोरा, खड्यांची ओळ न् ओळ. हसून झाल्यावर मावशीने पदर डोळ्यांना लावताना तो अगदी फोनसमोर पसरला होता, म्हणजे नक्कल करणाऱ्याला काही विचारायचीसुद्धा गरज नव्हती. खाली बायका लिहीत होत्या, ही साडी कुठे मिळेल. मी रील काढून टाकली. जीव जरा भांड्यात पडतोय तोवर नवऱ्याच्या भाचीचा निरोप आला, मामी, तू फेमस झालीस. तिने पाठवलेली रील माझी नव्हतीच. कुणीतरी ती उचलून, तिच्यावर गाणं घालून आपल्या पेजवर टाकली होती. मग दुसऱ्याने. मग तिसऱ्याने. माझी काढून टाकलेली रील सगळीकडे फिरत होती आणि ती थांबवायला माझ्या हातात काहीच नव्हतं. लोक व्ह्यूज वाढावेत म्हणून नवस बोलतात. मी बसमध्ये डोळे मिटून म्हणत होते, देवा, थांबव रे. कुणी बघू नये.

घरी आल्यावर नवऱ्याने दारातच टाळी वाजवली. ‘या मॅडम, मिलमध्ये सगळे तुमची मावशी बघतायत.’ मी चप्पलही न काढता त्याला म्हणाले, ती साडी शेठची नवी आहे. त्याने हात खाली घेतले. तो मिलवाला, त्याला पुढचं सांगायला लागलं नाही. मग तो म्हणाला, शेठ कुठे बघतात असलं, त्यांना कुठे वेळ. पण त्याने ते माझ्याकडे न बघता म्हटलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. फोन वाजला की वाईट. फोन वाजला नाही की त्याहून वाईट. जिन्यात पाय वाजला की मला वाटायचं, शेठचा माणूस अर्धवट माल परत न्यायला आला. टेबलाशी माझ्या बायका बसलेल्या असायच्या, आणि मी त्यांच्याकडे एकेक करून बघायची. हिच्या नवऱ्याची लूम बंद आहे, हिची मुलगी नर्सिंगला, ही तर नुकतीच गावाहून परत आलीय. मी कुणाला काही सांगितलं नाही. त्या खुशीत होत्या. मावशीला येता जाता चिडवत होत्या, हिरोईन, आम्हाला ओळख दाखवशील ना? मावशी पदराआड हसायची. मला त्या हसण्याकडे बघवत नव्हतं. मी उगीचच लेसवरून एकीवर खेकसले आणि मग मोरीत जाऊन पाण्याचा नळ सोडून उभी राहिले.

शेवटी फोन आला. शेठचा नाही, त्यांच्या माणसाचा. ‘शेठे बोलाव्यां छे. काले आवजो.’ उद्या कशासाठी, ते त्याने सांगितलं नाही आणि मला विचारायचं धैर्य झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मार्केटात गेले. एरवी त्या गर्दीत मी कोपर मारत वाट काढते. त्या दिवशी मला कुणीही धक्का दिला तरी मी बाजूला होत होते. जाता जाता प्रत्येक दुकानाच्या काचेत बघत होते, कुठे जांभळा रंग आहे का, कुठे द्राक्षाची वेल आहे का. एका दुकानात पुतळ्याच्या अंगावर एक पदर दिसला आणि मी थांबले. जवळ जाऊन पाहिलं तर आंबे होते, द्राक्षं नव्हती. तरी पुढच्या काचेत मी पुन्हा बघितलंच. लिफ्टमध्ये मी मनातल्या मनात वाक्यं रचत होते. शेठ, चुकून झालं. शेठ, गरीब बायका आहेत. मग वाटलं, काही बोलायचंच नाही, नुसतं एक विचारायचं. शेठ, आमचं काम जाईल का?

पेढीवर पांढरी गादी, तक्के, मागे साड्यांचे ढीग. शेठनी मान वर केली. ‘आवो बेन, बेसो. चा पीशो?’ तोच गोड आवाज. मी गादीच्या अगदी कडेला बसले. त्यांनी आपला फोन माझ्याकडे वळवला. मावशी हसत होती, मागे कुठलं तरी गाणं, आणि पाठीमागे आमच्या गाळ्याची निळी भिंत. ‘आ तमारे त्यांनुं छे ने?’ हे तुमच्याकडचंच ना?

मी मान हलवली. डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि ते येऊ नये म्हणून मी चहाच्या पेल्याकडे बघत राहिले.

‘आ मासी कोण छे?’

मी सांगितलं, आमच्याकडे काम करते. विधवा आहे. घडी मोडायची आमच्यात रीत असते. जसं सुचेल तसं, मराठीत, गुजरातीत, हिंदीत सांगत गेले. शेठ शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी फोन उलटा ठेवला आणि म्हणाले, पार्ट्यांचे, म्हणजे घाऊक खरेदीदारांचे, फोन येत आहेत. कोलकात्याहून, इंदूरहून. डिझाइनचा नंबर कुणी सांगत नाही, सगळे म्हणतात ‘पेली मासीवाळी साडी’ पाठवा. नक्कल तर होणारच होती, ती कधी होत नाही? पण या वेळी नक्कल बाजारात येण्याआधीच लोक माल मागत आहेत. त्यांनी दिवाळीसाठी राखून ठेवलेला सगळा लॉट लगेच काढायचं ठरवलं होतं. ‘गभराओ छो शुं काम, बेन? चा पीओ.’

मी चहा प्यायले. गोड होता की कडू, मला आठवत नाही. इतकं हलकं वाटत होतं की तिथेच आडवं व्हावंसं वाटलं. मी हसलेसुद्धा. आणि मी हसत असतानाच ते पुढचं बोलले.

‘हवे दरेक डिझाइननो आवो एक जोइए. आ ज मासी. आवुं ज हसवानुं, पछी थोडुं रडवानुं.’ म्हणजे आता प्रत्येक डिझाइनचा असा एक व्हिडिओ हवा, हीच मावशी, असंच हसायचं आणि मग थोडं रडायचं. मग तक्क्याला टेकत, सहज, खिडकीबाहेर बघत म्हणाले, दुसरे युनिटवालेही विचारत आहेत, त्यांच्याकडेही म्हाताऱ्या बायका आहेत. जो व्हिडिओ देईल त्याला आधी माल. पण माझा भरोसा तुमच्यावर आहे, बेन. खूप गोड बोलले. त्यांच्या माणसाने तयार नमुन्यांचं गाठोडं माझ्या रिक्षात आणून ठेवलं.

गाळ्यात पोचले तेव्हा मी सगळ्यांना ओरडूनच सांगितलं, काम वाढलं! शिरपूरवालीने मला मिठी मारली. त्या गोंधळात मी मावशीचा भाग भराभर उरकला, मावशीने घडी मोडायची, बस. अमळनेरची म्हणाली, मग आमचे नंबर? मी म्हटलं, शेठना मावशीच हवी. ती परत जाऊन खडे लावायला बसली.

माझ्याकडे वेळ कुठे होता रोज एक करायला? मी माझ्या पद्धतीनेच केलं. सगळे नमुने एकावर एक रचले, फोन पाइपला अडकवला, खिडकीतला उजेड बघितला आणि मावशीला टेबलाशी उभं केलं. हिरवी, केशरी, राणी, एकामागून एक. पहिल्या साडीला बायका कामं सोडून बघायला आल्या. दुसऱ्या साडीला दोघी होत्या. नंतर कुणी आलं नाही, खडे चिकटवायचा बारीक टकटक आवाज तेवढा येत राहिला. मावशी हसत होती, पण ओठ मिटून. मी बाजूला उभी राहून सांगत होते, मावशी, त्या दिवशीसारखं. तोंड उघडून. आणि मग पदर डोळ्यांना, हळू. परत एकदा. साडी मी पुन्हा घडी करून द्यायची आणि ती पुन्हा मोडायची.

चौथ्या की पाचव्या साडीला तिने पदर खांद्यावरून काढून टेबलावर ठेवला. म्हणाली, ‘दीरना फोन येल व्हता.’ गावाकडून. मी विचारलं, काय म्हणाला? तिने हाताने झटकल्यासारखं केलं. ‘काही नही. सोड.’ मग ढिगाकडे बघितलं. ‘अजून कितल्या शेतस?’

मी म्हटलं, थोड्याच आहेत गं. रोज रोज करण्यापेक्षा एकदाच उरकू, तुलाही त्रास नको.

हिरव्या साडीचा एक खडा सुटून तिच्या बोटाला चिकटला होता, तो ती अंगठ्याने सोडवत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. शेठकडे लिफ्टने वर जाताना आरशात मला माझा चेहरा दिसला होता, तसाच तिचा झाला होता.

‘मी नही म्हनं,’ तिने हळूच विचारलं, ‘ते काम जाई का?’

बाकीच्यांची टकटक थांबली होती. त्यांनी ऐकलं होतं. मला सांगायचं होतं, नाही जाणार, कसं जाईल, तू बस खाली. ते माझ्या तोंडापर्यंत आलंही. पण ते खरं आहे की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि समोर सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी एवढंच म्हणाले, ‘मावशी, आज एवढं करून टाकू.’

तिने मान हलवली. ढिगातली पुढची साडी स्वतःच उचलली, घडी मोडली, पदर खांद्यावर टाकला आणि वर फोनकडे बघून तोंडभर हसली. मग मी काही सांगायच्या आतच तिने पदर डोळ्यांना लावला.